काळी, पांढरी आणि हरिभाऊ वाकणकर

माळव्यातील आपल्या जुन्या मराठी घरांतून पूर्वजांचा विषय निघाला, की गोष्ट बहुधा १७२८ पासून सुरू होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजेने अमझेऱ्यास गिरधर बहादुराचा पराभव केला, माळव्याची वाट मोकळी झाली, आणि पुढे पवार धार-देवासला, होळकर इंदुरास व शिंदे उज्जैनीस स्थिरावले. आमचे घराणेही शिंद्यांच्या चाकरीतून इकडे आले. अमझेरा हे गाव आज आमच्या सरदारपूर तहसिलीत आहे. त्यामुळे ही लढाई लहानपणी मी इतक्यांदा ऐकली, की तिच्या आधी या भूमीवर कोणी नांदत होते हे माझ्या ध्यानातही येत नसे. भिल्ल होते, हे खरे. पण त्यांनाही काही इतिहास असेल असे आमच्या वाड्यात कोणी मानीत नव्हते.

माझी ही समजूत ज्यांच्या कामामुळे पार बदलली, ते गृहस्थ म्हणजे उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. सारा माळवा त्यांना हरिभाऊ म्हणे. त्यांना जाऊन आता तीन तपांहून अधिक काळ लोटला आहे. भीमबेटकाच्या गुहा शोधणारे एवढीच त्यांची ओळख नव्या पिढीस राहिलेली दिसते. ती खोटी नाही. पण अर्धीच आहे. माणूस रानात हिंडून पोट भरीत होता तेव्हाचे त्याचे घर हरिभाऊंनी जगापुढे आणले, आणि तो शेत करून एका जागी राहू लागला तेव्हाचे माळव्यातील फार जुने गावही त्यांनीच हुडकून काढले. गोष्टीची दोन्ही टोके एकाच माणसाच्या हाती लागावीत, असे फार थोड्या संशोधकांच्या वाट्यास येते.

हरिभाऊंचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमचला झाला. नीमच हे छावणीचे गाव, जसे आमचे सरदारपूर. त्यांचा मूळ पिंड चित्रकाराचा. चित्रकलेची रीतसर पदविका घेऊन त्यांनी उज्जैनीत भारती कला भवन ही संस्था काढली आणि मुलांना चित्रे शिकवण्यात उमेदीची वर्षे घातली. पुरातत्त्वाकडे ते वळले ते हातातला कुंचला न टाकता. मला वाटते, त्यांच्या यशाचे अर्धे मर्म येथेच आहे. खडकावरचे फिकट झालेले गेरूचे चित्र त्या काळच्या छायाचित्रात नीट उमटत नसे. रेषेवर रेषा चढलेली, हरणाच्या पोटातून नंतर कोणा घोडेस्वाराचा भाला गेलेला, वर पाण्याचे ओघळ! यांतली आधीची रेषा कोणती आणि नंतरची कोणती, हे ओळखायला स्वतः हजारो रेषा काढलेला हातच लागतो. हरिभाऊ जेथे जात तेथे चित्रे काढीत. प्रवासात, खोदकामावर, गुहेच्या तोंडाशी बसूनही त्यांचे काम चालूच असे.

१९५४ पासून त्यांनी चंबळ आणि नर्मदेची खोरी पायांखाली घालण्यास आरंभ केला. डॉ. हसमुख सांकलिया यांच्या महेश्वर-नावडातोलीच्या उत्खननांतही ते होते. मग आले १९५७ साल. भोपाळहून इटारसीकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना विंध्याच्या कडेला किल्ल्याच्या बुरुजांसारखे उभे असलेले खडक दिसले. हे खडक युरोपातल्या चित्रगुहांसारखे वाटले म्हणून ते तिकडे गेले, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. मला हे पटत नाही. युरोपात त्यांनी काम केले ते १९६१-६२ मध्ये, प्रथम इंग्लंडात आणि मग फ्रान्समध्ये. त्यांची नजर तयार झाली होती ती आपल्या चंबळेच्या खोऱ्यातील शैलाश्रय पाहून. फ्रान्सचे नाव घेतले म्हणजे आपल्या माणसाचे कौतुक करणे सोपे जाते, एवढाच त्याचा अर्थ.

भीमबेटका हे नाव १८८८ च्या सरकारी कागदांत आले होते, परंतु बौद्धांचे जुने ठिकाण म्हणून. तेथे चित्रे आहेत आणि ती बुद्धापूर्वी कित्येक सहस्र वर्षांची आहेत, हे कोणी जाणले नव्हते. वस्तुतः हिंदुस्थानात खडकावरची चित्रे प्रथम दिसली ती १८६७-६८ मध्ये, मिर्झापुराकडे, कार्लाइल नावाच्या इंग्रजास. स्पेनमधली अल्तामिराची प्रसिद्ध गुहा उजेडात आली त्याच्याही दहाबारा वर्षे आधी. त्याने त्याचा गाजावाजा केला नाही, आणि आपल्याकडच्या विद्वानांनी तिकडे पाहिले नाही. भीमबेटका आणि भोवतालच्या टेकड्यांत मिळून सातशेच्या वर शैलाश्रय आहेत. हरिभाऊंनी त्यांना क्रमांक दिले, चित्रांच्या नकला केल्या आणि पुढे तेथे उत्खननही केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनीही १९७३ पासून तेथे खोदले. हातकुऱ्हाडी वापरणाऱ्या अतिप्राचीन माणसापासून सूक्ष्मास्त्रे घडवणाऱ्या शिकाऱ्यापर्यंतचे थर तेथे एकावर एक मिळाले. एकाच छपराखाली माणसाची लाखभर वर्षांची वस्ती!

लाखभर हा शब्द मी सैल जिभेने लिहीत नाही. तमिळनाडूत अत्तिरम्पक्कम येथे मिळालेली दगडी हत्यारे सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची ठरली आहेत. आपल्या नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ च्या डिसेंबरात अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा जो भाग सापडला, तो आपल्यासारख्या माणसाचा नव्हे, त्याच्या फार पूर्वीच्या एका मानवाचा आहे. आपली जात आफ्रिकेत सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी उदयास आली आणि पुष्कळ नंतर इकडे पोचली. या सगळ्या काळात शेती नाही, गाव नाही, मडके नाही. माणसाचे सारे आयुष्य बारा तासांचे धरले, तर शेतीचे वय अर्ध्या तासाहूनही कमी भरेल. १७२८ तर डोळ्याचे पाते लवते न लवते तेवढे.

भीमबेटकास मी दोनदा गेलो. पहिल्यांदा गव्याच्या पुढे पळणारा तो इवलासा माणूस पाहिला, आणि सोबतची मुले हसू लागली. मलाही हसू आले. मग ध्यानात आले, की चित्र काढणाराही हसतच असावा. तेथे शिकार आहे, फेर धरून नाचणारी माणसे आहेत, पोटात पाडस असलेली हरिणी आहे, मधाचे पोळे काढणारे आहेत. मधावरून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी तेथील मोठ्या गुहेच्या छतावर पन्नास कोटी वर्षांहून जुन्या प्राण्याचा ठसा सापडल्याचे जाहीर केले. १९२३ नव्हे, २०२३ मध्ये दुसऱ्यांनी जाऊन पाहिले, तर ते आग्या मोहोळाच्या कुजलेल्या पोळ्याचे अवशेष निघाले. ज्या खडकावर मध काढण्याची चित्रे आहेत, त्याच टेकडीवर विद्वानांस पोळे ओळखू आले नाही. आमच्याकडच्या कोणाही भिल्लाच्या पोराने ते सांगितले असते.

आता दुसरे टोक. उज्जैनीच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, छोट्या कालीसिंधेच्या काठी कायथा नावाचे गाव आहे. वराहमिहिराचे कपित्थक ते हेच, असे म्हणतात. तेथल्या उंच टेकाडावर हरिभाऊंना १९६४ मध्ये जुन्या खापऱ्या आढळल्या आणि विक्रम विद्यापीठाच्या वतीने त्यांनी १९६५-६६ मध्ये तेथे खोदले. पुढे १९६८ मध्ये डॉ. मधुकर ढवळीकर आदी डेक्कन कॉलेजची मंडळीही आली. तळाशी, कोऱ्या मातीवर, जे पहिले गाव बसले होते, ते इ. स. पूर्व २४०० च्या आसपासचे ठरले. चाकावर घडवलेली, गर्द तपकिरी लेप दिलेली मजबूत मडकी, कंगव्याच्या दातांनी ओढावे तशा रेषांची नक्षी, साच्यात ओतलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी, तांब्याच्या बांगड्या, अकिकाच्या मण्यांच्या माळा, आणि एका मडक्यात भरून ठेवलेले हजारो बारीक मणी. कोणा घरधनिणीने ते जपून ठेवले आणि परत काढले नाहीत. ही माणसे चाचपडत शेती शिकणारी नव्हती. शिकून आली होती.

या टेकाडांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्या भाषेत काळी आणि पांढरी हे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे घरांची. नव्या मुलांस हे शब्द कदाचित ठाऊकही नसतील. पांढरी ही पांढरी का असते? माणसे एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, चुलीची राख पडते, गोठ्याचे शेण पडते, मातीच्या भिंती ढासळतात, हाडे कुजतात, त्यांच्यावर नवे घर उठते. शेदोनशे वर्षांत जमीन उंच होते आणि तिचा रंग फिकट होतो. म्हणजे शेतीशिवाय पांढरी नाही. हिंडणाऱ्या माणसाच्या मागे पांढरी राहत नाही. काळ्याभोर माळव्यात हरिभाऊंसारख्यांची नजर शोधते ती नदीकाठच्या फिकट मातीचा उंचवटा. आपल्या भाषेने जे दोन शब्दांत सांगितले, तेच ते शास्त्र म्हणून करीत होते.

आणि शेतकऱ्यालाही हे ठाऊक असते, फक्त निराळ्या कारणाने. पांढरीची माती खत म्हणून उत्तम. १९७० च्या सुमारास आमच्या शेजारच्या गावी नदीकाठी असेच एक टेकाड होते. लोक उन्हाळ्यात गाड्या भरभरून तेथली माती नेत. मीही नेली. आमच्या शेतात दोन दिवस गाड्या ओतल्या, त्या वर्षी हरभरा छान आला. मातीबरोबर लाल-काळ्या खापऱ्या आल्या, काही बारीक, धारदार, दुधी रंगाच्या दगडी पात्या आल्या. पोरांच्या पायांत रुततात म्हणून त्या मी वेचून बांधाला फेकल्या. पुढे कित्येक वर्षांनी उज्जैनीस हरिभाऊंनी जमवलेल्या वस्तूंच्या संग्रहापुढे उभा राहिलो, आणि कपाटात अगदी तशाच पात्या ओळीने मांडलेल्या दिसल्या. मला घाम फुटला. कायथ्याला ज्या गोष्टीसाठी त्यांनी चमच्याने माती उकरली असेल, ती मी फावड्याने ओढून हरभऱ्याला घातली होती. ते टेकाड आता उरलेले नाही.

त्या पात्यांचेही एक कौतुक आहे. भीमबेटकाच्या शिकाऱ्याने अशाच बारीक पात्या लाकडात बसवून बाण आणि सुरे केले. पुढे नावडातोलीच्या शेतकऱ्याने त्याच पात्या एका ओळीत बसवून विळा केला असावा, असे जाणकार सांगतात. हत्यार तेच, पीक आले म्हणून काम बदलले. नावडातोली म्हणजे महेश्वरासमोर नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे ठिकाण. तेथे आरंभी गहू मिळाला, नंतरच्या थरांत तांदूळ, मसूर, मूग, वाटाणा, लाख, जवस, आणि त्यांच्या जोडीला बोरे व आवळेही. बोर आणि आवळा कोणी पेरला नव्हता. कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या घरात राहणारा तो शेतकरी रानात जाणे सोडून बसला नव्हता. आपल्या घरी संक्रांतीच्या वाणात बोरे असतात आणि आवळीभोजनास आपण झाडाखाली जेवावयास जातो, तेव्हा मला नावडातोलीची आठवण होते.

होशंगाबादेजवळ आदमगडास १९६०-६१ मध्ये डॉ. जोशी व खरे यांनी खोदले, तेथे सूक्ष्मास्त्रांच्या थरातच पाळीव जनावरांची हाडे निघाली. भीमबेटकाच्या उत्तरकालीन चित्रांतही वशिंडाचे बैल दिसतात आणि माळव्याच्या मडक्यांवरच्या नक्षीशी जुळणारी नक्षी दिसते. म्हणजे डोंगरातला शिकारी आणि सपाटीवरचा शेतकरी शेजारी होते, एकमेकांस ओळखत होते. मध, कातडी, डिंक इकडून आणि धान्य, मडके तिकडून, असा व्यवहार त्यांच्यांत असला पाहिजे. शाळेत आम्हांस शिकवले होते, की माणूस आधी रानटी होता, मग शेतकरी झाला, जणू चौथीतून पाचवीत गेला. हरिभाऊंच्या दोन्ही स्थळांची कामे शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे ही चौथी-पाचवी टिकत नाही. दोन्ही वर्ग एकाच वेळी भरत होते, आणि काही मुले दोन्हीकडे बसत.

कधी कोणी उलटही गेले. ही गोष्ट आपल्या मंडळींस विशेष गोड वाटेल. कायथ्यानंतर माळव्यात जी संस्कृती बहरली, तिची माणसे इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास दक्षिणेस उतरली. शिरूर तालुक्यातील इनामगावी १९६८ पासून बारातेरा हंगाम खोदकाम झाले. तेथे तळाशी मिळते ते माळव्याचे मडके. महाराष्ट्रातल्या जुन्यांत जुन्या शेतकऱ्यांपैकी काही असे इकडून गेलेले आहेत! आपले पूर्वज अठराव्या शतकात माळव्यात आले, ते परक्या मुलखात नव्हे, तर फार जुन्या वाटेने उलटे चालत आले असे म्हणावयास हरकत नाही. त्या इनामगावास इ. स. पूर्व १००० नंतर पाऊस ओढू लागला. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, हरणांची शिकार वाढली, आणि शेवटी गाव उठले. शेती हा एकदा चढून मागे न वळण्याचा जिना नव्हे. ज्याने १८९९-१९०० च्या, छप्पनच्या, दुष्काळाच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या आहेत, त्यास हे वेगळे सांगावयास नको.

आमच्या सरदारपुरात हे सर्व मला पुस्तकाबाहेर दिसते. इंग्रजी अमदानीत येथे माळवा भिल्ल पलटणीची छावणी होती. भिल्लांस पलटणीत घ्यावे, नांगराला जुंपावे, बैल-बियाण्यास तगाई द्यावी, असा प्रयोग खानदेशात १८२५ पासून झाला होता, आणि तोच विचार या बाजूसही आला. साहेबांच्या मते ते त्यांना माणसांत आणत होते. आज महीच्या काठचा भिल्ल मका पेरतो, कपाशी-सोयाबीन लावतो, कोंबड्या-शेळ्या पाळतो. आणि तरीही चैत्रात पहाट फुटण्यापूर्वी त्याच्या घरची बायकापोरे टोपल्या घेऊन मोहाखाली असतात. चारोळी, तेंदू, डिंक, रानभाज्या, सारे ऋतूप्रमाणे येते. यास मागासलेपण म्हणावे की नावडातोलीचे शहाणपण? पाऊस बुडाला की आमची सगळी भिस्त सावकारावर किंवा सरकारवर. त्याची निदान थोडी तरी मोहावर. लहानपणी आमच्या अंगणात मोहाची टोपली घेऊन येणाऱ्या बाईस पायरीखाली उभे करीत. तिचे आणि भीमबेटकाच्या चित्रकाराचे नाते रक्ताचे आहे की नाही हा पंडितांचा वाद आहे. परंतु ती जे करीत होती ते आपल्या १७२८ हून पुष्कळ जुने होते, आणि तिला पायरीखाली उभे करण्याचे कारण आमच्यापाशी नव्हते.

हरिभाऊंची सगळीच मते मला मान्य आहेत असे नाही. भीमबेटकाच्या हिरव्या नाचऱ्या आकृत्यांस त्यांनी फार प्राचीन काळ दिला. पुष्कळ अभ्यासक तो मानीत नाहीत, आणि त्यांची बाजू मला अधिक भक्कम वाटते. ते संघाचे निष्ठावंत स्वयंसेवक होते. १९८१ मध्ये संस्कार भारती स्थापन झाली तेव्हा तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. उतारवयात सरस्वतीच्या लुप्त पात्राचा माग काढण्याच्या मोहिमेत त्यांनी स्वतःस झोकून दिले. त्या मोहिमेच्या निष्कर्षांवर आजही वाद चालू आहे. श्रद्धेने आधी उत्तर ठरवले, की पुराव्यास हलके वळण लागते, ही भीती अशा कामात असतेच. परंतु कायथ्याचा थर आणि भीमबेटकाची नक्कल या गोष्टी तेथे जाऊन कोणीही तपासून पाहाव्यात अशा आहेत, आणि तपासणाऱ्यांनी त्या खऱ्या ठरवल्या आहेत.

त्यांना मानमरातब उशिरा मिळाले. चित्रित शैलाश्रयांवरील प्रबंधाबद्दल पुणे विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली ती १९७३ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. १९७५ मध्ये पद्मश्री झाली. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकन प्राध्यापक रॉबर्ट ब्रूक्स यांच्यासह लिहिलेला भारतातील अश्मयुगीन चित्रांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेतील येल विद्यापीठातर्फे निघाला. मंदसौर, इंदुराचे आझादनगर, दंगवाडा, रुणिजा अशी त्यांची खोदकामे चालूच राहिली. राहणी साधी, पैसा आला की तो गाडीभाड्यात आणि रंगांत जाई. जुनी नाणी, शिलालेखांचे ठसे, मूर्ती, खापऱ्या यांनी घर भरले, ते पुढे संग्रहालय झाले. १९८८ च्या एप्रिलमध्ये ते सिंगापुरास गेले असता तेथेच वारले. समुद्राचे चित्र काढीत असताना हृदय बंद पडले असे सांगतात. भीमबेटका जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले २००३ मध्ये, त्यांच्या मागे पंधरा वर्षांनी.

माझ्या त्या शेतात अजून नांगरट झाली, की पांढरीच्या खापऱ्या वर येतात. आता ट्रॅक्टरचा फाळ खोल जातो, म्हणून अधिकच येतात. बहुतेक लाल, एखादीवर काळ्या रेघांची नक्षी. आमच्याकडे कामास येणारा भिल्ल तरुण आता त्या फेकीत नाही. बांधावरच्या मोहाच्या बुंध्याशी आणून ठेवतो. तेथे त्यांचा बराच मोठा ढीग झाला आहे. त्यातल्या पात्या मी वेगळ्या काढून खोक्याच्या डब्यात घातल्या. परवा मोजल्या, त्रेचाळीस भरल्या.